घुंगरू, भोंगा आणि झोप



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने नृत्याविषयी बोलावयास उभे राहावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. तालाचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. तत्कार म्हणजे काय आणि तिहाई म्हणजे काय, हे आम्हांला वस्तीतल्या मुलींनीच समजावून सांगितले. परंतु आमचा आजचा विषय नृत्य शिकणाऱ्यांची झोप आणि तिच्यावर अवलंबून असलेले त्यांचे मनःस्वास्थ्य हा आहे. आणि झोपेशी आमचा संबंध जुना आहे. कारखान्याच्या गेटवरील सभांत, कराराच्या बैठकींत, रात्रपाळीच्या भत्त्यावरून झालेल्या भांडणांत आम्ही झोपेविषयीच बोलत आलो. तेथे तिचे नाव 'कामाचे तास' असे होते, एवढाच फरक.

या सर्व वर्षांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्याची झोप हिरावली जाते त्यालाच जग नावे ठेवते. रात्रपाळीहून आलेला कामगार दुपारी चिडला तर तो तापट ठरतो. यंत्रावर त्याला डुलकी लागली तर तो कामचुकार ठरतो. नृत्य शिकणारी मुलगी बोल विसरली, आरशासमोर रडू लागली, तर तिच्या अंगी कला नाही असे म्हणतात, आणि पुढे तीही तसेच म्हणू लागते. तिची झोप कोठे गेली, हे विचारण्यास कोणी थांबत नाही. ते विचारावयाचे तर थोडे इतिहासात जावे लागते.

आपल्या लोकांनी जागरणाला नेहमीच मान दिला आहे. खंडोबाचे जागरण, देवीचा गोंधळ, एकादशीचे भजन, कोजागरीची रात्र, ही सारी जागण्याची निमित्ते. वाघ्यामुरळी रात्रभर नाचतात, गोंधळी संबळाच्या तालावर रात्र जागवितात. परंतु हे जागरण नैमित्तिक असे. लग्नानंतर, नवसानंतर, सुगी घरात आल्यानंतर ते होई, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या घराला दुपारी आडवे होण्याची मुभा असे. जागणे हा प्रसंग होता. तो रोजचा धंदा नव्हता. ज्यांचा तो धंदा झाला, त्यांच्याकडे आता वळू.

आपल्या भोसरी-चाकणवरून जाणारा पुणे-नाशिक रस्ता राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगावला पोचतो. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पुढारी जत्रेसाठी सुपारी द्यावयास येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड येथलाच, आणि त्यांच्या घराण्यातील विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव तर महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. १९३५ साली जन्मलेल्या आणि २००२ साली निवर्तलेल्या या कलावतीचा राष्ट्रपती पुरस्काराने गौरव झाला. त्यांच्याविषयी एक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा आल्या तेव्हा त्या कनातीमागे गेल्या; तेथे प्रसूती झाली, दगडाने नाळ तोडली, आणि प्रेक्षक वाट पाहत होते म्हणून त्या पुन्हा बोर्डावर आल्या. ही हकीकत ऐकून लोक टाळ्या वाजवितात. आम्हां संघटनेच्या माणसाच्या मनात मात्र निराळाच प्रश्न येतो. बाळंतिणीला एका रात्रीची विश्रांती देण्याची सोय ज्या धंद्यात नव्हती, त्यात शिकणाऱ्या पोरीबाळींच्या झोपेची वास्तपुस्त कोण घेणार?

फडाचा दिवस कसा असे पाहा. रात्री जेवणवेळ टळल्यावर खेळ उभा राही. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी असे करीत वग लागेपर्यंत मध्यरात्र उलटे, आणि वग संपता संपता तांबडे फुटे. जत्रेच्या गावी एवढ्यावर सुटका नसे. रात्रीचा खेळ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असे. गाव अंघोळ करून, नवे कपडे घालून हजेरीला येई. पुढे दुपारी कुस्त्यांच्या आखाड्याला जाई, आणि मग घरी जाऊन झोपे. फडाला मात्र कनाती गुंडाळून, ट्रक भरून पुढचे गाव गाठावे लागे. झोप काय ती हलत्या ट्रकमध्ये, पेटाऱ्यांच्या आधाराने. फडातल्या मुलीची शाळा हीच. ती कनातीच्या फटीतून मोठ्या बायकांचे पदन्यास पाही, पाहता पाहता तिथेच तिचा डोळा लागे, आणि ढोलकी कडाडली की ती दचकून उठे. तिला कोणी शिकविले असे नाही. जागून जागून तिला येऊ लागले.

पावसाळा लागला की फड बंद होत. दसऱ्यापर्यंत कलावंत घरी असत. म्हणजे वर्षाची विश्रांती होती, पण दिवसाची नव्हती. आणि ती पावसाळ्याची विश्रांतीही बहुधा मालकाकडून घेतलेल्या उचलीवर काढावी लागे. झोप उधारीची, आणि तिची फेड पुढच्या हंगामातल्या रात्रींनी करावयाची. या रीतीचा कारखान्याशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध असा की त्याच काळात मुंबईच्या गिरणीत दुसरे एक जागरण सुरू झाले होते, आणि त्याचा शेवट मात्र निराळा झाला.

गिरण्या आरंभी सूर्यावर चालत. उजाडले की भोंगा होई, आणि दिवेलागणीला यंत्रे थांबत. उन्हाळ्याचा दिवस मोठा म्हणून कामही मोठे. मुलेही कामाला असत. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला त्याने सात वर्षांखालील मुलांना मनाई केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाचे नऊ तास ठरवून दिले. प्रौढांना त्याने काहीच दिले नाही. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. जोतीराव फुल्यांचे हे अनुयायी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. त्या सभांत झालेल्या मागण्या पाहा: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जाला दुजोरा दिला. या मागण्यांत पगार वाढवा असे कोठेही नाही. पगार वेळेवर द्या, असे मात्र आहे; आणि मोठा भाग विश्रांतीविषयी आहे.

सुट्टी रविवारीच का, याचे लोखंड्यांनी दिलेले कारणही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. रविवार हा खंडोबाचा वार. ज्या देवापुढे आपण रात्र जागवितो, त्याच देवाच्या नावाने त्यांनी विश्रांतीचा दिवस मागितला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियाही तेथे बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने ती पक्की झाली.

पुढे विजेचा दिवा आला आणि सूर्यास्ताची हद्द मोडली. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या कित्येक गिरण्यांत दिवसाचे चौदा-पंधरा तास काम होऊ लागले. दिवा हे सोयीचे साधन. पण तो कोणाच्या हाती आहे त्यावर त्याचा उपयोग ठरतो. मग पुन्हा चौकश्या, संप, कायदे. १९११ साली कापड गिरणीतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा पडली. १९२२ साली आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ साली चौपन्न, १९४६ साली अठ्ठेचाळीस. आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने तेच अठ्ठेचाळीस तास स्वतंत्र भारताचा नियम झाले. साठ-सत्तर वर्षांच्या या झगड्याचे सार एकच आहे. कामगाराने 'मी लवकर झोपेन' असा निश्चय केल्याने त्याची झोप वाढली नाही. वेळापत्रक सर्वांनी मिळून बदलले तेव्हा ती वाढली. तमाशाच्या फडात असे काही घडले नाही. तेथला कलावंत एकेकटा होता आणि उचलीने बांधलेला होता.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. पाठोपाठ आकुर्डी, भोसरी, चिंचवडच्या माळावर मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली येथे नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. नव्वदीनंतर कारखान्यांची ही रांग नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत गेली. सातारा, सोलापूर, बीड, लातूर, विदर्भ, खानदेश येथून माणसे आली, आणि तीन पाळ्यांत विभागली गेली. गावी सूर्य उगवला की सगळ्यांचा दिवस एकदम उगवे. येथे एकाच घरात तीन दिवस नांदू लागले: बापाचा रात्रपाळीचा, आईचा पहाटे पाणी भरण्याचा, मुलांचा शाळेचा.

या घरांतून नृत्य शिकणारी पिढी निघाली, ही आम्ही मोठी गोष्ट मानतो. घरंदाज मुलीने पायांत घुंगरू बांधणे पूर्वी निंद्य समजत. १९४७ साली रोहिणी भाटे यांनी पुण्यात 'नृत्यभारती' स्थापन करून कथकची तालीम सुरू केली. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या इतरांच्या कष्टाने ती निंदा विरत गेली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी शिक्षणाला पायऱ्या दिल्या. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत चढत जावे. आता निगडी, चिंचवड, भोसरीच काय, चाकणच्या नव्या वसाहतींतही वर्ग चालतात. जोडारी करणाऱ्याची मुलगी चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात तोडे सादर करते आणि तिचा बाप कंपनीच्या गणवेशातच मागच्या रांगेत उभा राहून पाहतो. कलेची मक्तेदारी मोडली ती अशी.

परंतु त्या मुलीचा दिवस तपासून पाहा. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी सहा ते आठ वर्ग. घरी येऊन जेवण, अभ्यास. वर्गातले पक्के व्हावयाचे तर घरी रियाज हवा, आणि घर एका खोलीचे किंवा दोन खोल्यांचे. बापाची रात्रपाळी असेल तर तो दिवसा झोपलेला. एकेका पायात शंभर-शंभर घुंगरू बांधून त्याच्या उशाशी तत्कार कसा करणार? अशी घरे आम्ही अनेक पाहिली आहेत. काही मुली घुंगरू न बांधता गोधडीवर पाय टाकतात. काही ओठांतल्या ओठांत पढंत करतात. काही बाप कामावर जाण्याची वाट पाहतात, आणि रात्री दहानंतर रियाजाला लागतात. मग खालच्या मजल्यावरचे शेजारी भांडावयास येतात. बापाची झोप राखली तर मुलीची जाते, आणि मुलीचा रियाज राखला तर बापाची जाते. दोघांपैकी अपराधी कोणी नाही. दोघांची झोप एकाच वेळापत्रकाने खाल्लेली आहे, आणि ते वेळापत्रक घराबाहेर ठरलेले आहे. त्यातून स्नेहसंमेलन, स्पर्धा किंवा परीक्षा जवळ आली की तालमी वाढतात. नाट्यगृह मोकळे मिळेल त्या वेळेला रंगीत तालीम होते. अंथरुणावर पडल्यावर पुन्हा हातातला मोबाईल असतोच.

झोप गेली तर काय बिघडते? आमच्या लहानपणी लोक समजत की झोप म्हणजे यंत्र बंद करून ठेवणे. शास्त्रज्ञांनी हे मत खोटे पाडले आहे. १९५३ साली अमेरिकेत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखविले की झोपेत ठराविक काळाने बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात. त्या वेळी मेंदू चांगलाच कामात असतो. २००२ साली वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना बोटांनी ठराविक क्रमाने कळा दाबण्यास शिकविले. शिकल्यावर जे रात्री झोपले त्यांचा वेग सकाळी सुमारे वीस टक्क्यांनी वाढला. जे तेवढाच वेळ जागे राहिले त्यांचा वाढला नाही. हा प्रयोग बोटांचा होता. पण पायांनी क्रम बसविणाऱ्या मुलीने त्यावरून काय घ्यावे, हे उघड आहे. वर्गात शिकलेले झोपेत मुरते. झोप तोडून रियाज करणे म्हणजे मुरवण घातलेले दूध वारंवार ढवळीत बसणे होय; त्याचे दही लागत नाही.

शरीराचेही तसेच. २०१४ साली अमेरिकेत शाळकरी खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांत दुखापतीचा संभव पावणेदोन पटींच्या आसपास आढळला. २००९ साली जर्मनीत चोवीस बॅले नर्तकांच्या झोपेची नोंद पहिल्या प्रयोगाच्या आधीचे सदुसष्ट दिवस ठेवण्यात आली. प्रयोग जवळ येत गेला तशी त्यांची झोप सुमारे सात तासांवरून साडेसहा तासांवर आली. म्हणजे अंगाला आणि मनाला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, नेमकी तेव्हाच ती सर्वांत कमी. आणि हे पगारी, प्रौढ कलावंत. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना तर आठ ते दहा तास झोप हवी असे वैद्यक सांगते. त्या वयात शरीराचे घड्याळच थोडे मागे सरकते, त्यामुळे रात्री झोप उशिरा येते, आणि शाळा मात्र पहाटे उठविते.

मनाचे नुकसान याहून खोल असते, कारण ते दिसत नाही. अपुऱ्या झोपेने मनुष्य हळवा होतो, चटकन रागावतो, लहान चूक त्याला डोंगराएवढी वाटते. नृत्यात तर आरसा समोर, गुरूची नजर समोर, शेजारी दुसरी मुलगी. थकलेले मन या तिन्हींतून एकच निकाल काढते: मी कमी आहे. मग ती काळजी रात्री अंथरुणात येते आणि उरलीसुरली झोपही नेते. असे हे चक्र दोन्हीकडून फिरते. झोप न मिळाल्याने मन आजारी पडते, आणि आजारी मनाला झोप मिळत नाही. म्हणून एखादी मुलगी आठवडेच्या आठवडे उदास राहू लागली, जेवण टाळू लागली, तर 'लवकर झोप जा' एवढे सांगून भागत नाही. तिला वेळीच डॉक्टरांकडे न्यावे. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही.

येथे जुने जाणते म्हणतील की कलेला तपश्चर्या लागते. चाळीस दिवसांचा चिल्ला करणारे साधक काय झोपत होते? त्या साधकांविषयी आम्हांला आदर आहे. परंतु चिल्ला करणारा शिष्य बहुधा मोठ्या वयाचा असे, आणि त्या काळात रियाज हेच त्याचे दिवसाचे काम असे. शाळा, शिकवणी, वर्ग आणि बसचा प्रवास यांच्यावर त्याचा रियाज रचलेला नसे. चौदा वर्षांच्या मुलीच्या दिवसात आधीच दोन पाळ्या आहेत. तपश्चर्येच्या नावाखाली तिला तिसरी पाळी लावू नये.

कायदा काय म्हणतो? २०१२ साली रामलीला मैदानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोप ही जगण्याच्या मूलभूत हक्कात येते असे सांगितले. २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. पण हे पैसे मिळविणाऱ्या मुलाला. फी भरून शिकणाऱ्या मुलीच्या तासांकडे कोणत्याही कायद्याचे लक्ष नाही. आणि कायद्याने सारेच सुटते असेही नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले. गावाला झोप मिळाली. तमाशाच्या फडांचा मात्र वग तुटला, सुपाऱ्या कमी झाल्या, आणि मुदत वाढवून मागण्यासाठी फडमालकांना सरकारदारी जावे लागले. एकाची झोप राखताना दुसऱ्याची भाकरी जाऊ नये, यासाठी नियम करताना त्या दुसऱ्यालाही बैठकीत बसवावे लागते.

तशीच बैठक आमच्या मते प्रत्येक नृत्यवर्गात व्हावी. गुरू, पालक आणि मोठ्या विद्यार्थिनी यांनी मिळून चार-पाच गोष्टी ठरवाव्यात. शाळकरी मुलांचा वर्ग रात्री आठच्या आत सुटावा. आठवड्यातून एक दिवस पाय पूर्ण मोकळे असावेत. लोखंड्यांनी गिरणी कामगाराला मिळवून दिलेला रविवार या मुलांनाही मिळावा. कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात तालमी वाढविण्याऐवजी कमी कराव्यात. वसाहतींतल्या शाळांचे आणि समाजमंदिरांचे रिकामे सभागृह रोज दोन तास रियाजासाठी मिळावे, म्हणजे घुंगरू घराबाहेर वाजतील आणि रात्रपाळीचा बाप निवांत झोपेल. या शेवटच्या मागणीसाठी महापालिकेकडे जावे लागेल. तेथे संघटनांनी पालकांबरोबर जावे. आणि पाळ्यांच्या बोलणीत भत्त्याबरोबर सलग विश्रांतीच्या तासांचाही मुद्दा मांडावा, कारण भत्त्याने रेशन भरता येते, झोप विकत घेता येत नाही.

आता वसंत सरत आला आहे. परीक्षा संपल्या की सुट्टीतले वर्ग भरतील, आणि वेळापत्रकाचा छापील कागद आपल्या हाती येईल. शहाणा कामगार करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येक कलम वाचतो. आपणही तो कागद तसाच वाचा. वर्ग किती वाजता सुटतो, मूल घरी केव्हा पोचते, जेवते केव्हा, आणि निजते किती वाजता, याचा हिशेब कागदाच्या मागच्या बाजूस मांडा. तो हिशेब आठ तास झोपेचा भरत नसेल तर सही करण्याआधी बोला. आणि एकट्याने न बोलता चार पालक मिळून बोला.